फोटोखालचा मजकूर

मित्रांनो, फाइल म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे नाडीने बांधलेला पुठ्ठा येतो. ती माझी लांबची नातलग. मी कॉम्प्युटरमधली फाइल. मला जुनी म्हणा, म्हातारी म्हणा, माझी हरकत नाही. पण मला उघडल्या उघडल्या ‘ही फाइल खराब झाली आहे, दुरुस्त करू का?’ असं तेवढं विचारू नका. मी खराब नाही. मला लिहिलं ते यंत्र वेगळं होतं आणि तुम्ही उघडताय ते वेगळं आहे. माझ्या अंगावर दुसऱ्याचा सदरा चढवायचा आणि वर मलाच वाकडी म्हणायचं, हा कुठला न्याय?

माझा जन्म एका जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर झाला. तिथे एक जाडजूड कॉम्प्युटर होता आणि त्याच्यासमोर आजोबा बसले होते. तुमच्या आजोबांच्या वयाचे म्हणून मी त्यांना आजोबाच म्हणते. सगळी नोकरी त्यांनी एका कचेरीत टायपिस्ट म्हणून केली. कॉम्प्युटरवरही ते कळ अशी हाणत, की जणू जोर लावला नाही तर शाई उमटणार नाही. त्यांची बायको, म्हणजे आजी, शाळेत खेळ शिकवत. एका शिट्टीसरशी अख्खी शाळा रांगेत उभी करणाऱ्या या आजींना म्हातारपणी विसरण्याचा आजार जडला. आधी नावं गेली, मग आवाज, मग चेहरे. वाचता मात्र चांगलं येत होतं, आणि लिहिलेलं असेल ते त्या शिस्तीने पाळत. एवढ्या एका आधारावर आजोबांनी मला लिहायला घेतलं.

माझ्या प्रत्येक पानावर एका माणसाचा फोटो आणि त्याखाली मोठ्या ठळक अक्षरांत दोन-तीन ओळी. मुलीच्या फोटोखाली होतं, ‘ही तुझी लेक. बेल वाजली की लगेच दार उघड. जवळ घे. जेवलीस का विचार.’ मग आजींच्या भावाचं पान होतं. ‘तुझा धाकटा भाऊ. मोठ्याने बोलतो, रागावलेला नसतो. याला सायकल तू शिकवलीस.’ मग ‘आपले जावई. कॉम्प्युटरमधलं सगळं येतं. कौतुक करत जा.’ मग ‘नळवाला. चपला बाहेर काढायला सांग. काम झालं की मोरी बघून घे.’ त्यानंतर डॉक्टरीणबाई होत्या. आणि या सगळ्यांच्या आधी, पहिला फोटो आजोबांचा स्वतःचा. स्वतःबद्दल काय लिहावं हे त्यांना सुचेना. शेवटी त्यांनी लिहिलं, ‘घरातलंच माणूस. किल्ली जवळ असते. दार उघडायला उठू नकोस.’

मला छापून, भोकं पाडून, दोरी ओवून दाराजवळच्या खिळ्याला टांगलं. वर मुखपृष्ठ, त्यावर ‘आपली माणसं’. बेल वाजली की आजी दाराच्या भिंगातून बघत, पानं उलटत, चेहरा जुळला की खालचं वाचत आणि लिहिल्याबरहुकूम वागत. छापलेली प्रत म्हणजे माझंच अंग, म्हणून दाराशी काय काय झालं ते मी तुम्हाला सांगू शकते.

माझं कौतुकही झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘‘औषधांपेक्षा हेच जास्त कामाला येतंय.’’ मुलीला मात्र धास्ती असे. ती दुसऱ्या शहरात राहायची. दर खेपेला निघताना बजावायची, ‘‘बाबा, पुस्तकावर चाललंय तोवर चालू दे. पण एकदा जरी घोटाळा झाला ना, तर मी आईला आमच्याकडे नेणार. मग तुमचं काही ऐकायची नाही.’’

आजोबा हसून मान हलवत, पण तिला नेण्याचं नावही त्यांना नको असे. आपल्या घरात आजींना डोळे मिटूनही दिव्याचं बटण सापडत होतं. मुलीच्या घरी एकदाच नेलं होतं, तर तिथे त्या दुपारभर पर्स मांडीवर घेऊन बसून राहिल्या आणि येईल त्याला विचारत राहिल्या, ‘‘घरी जायची बस किती वाजता आहे?’’ म्हणजे बघा, माझ्यासारख्या एका फाइलीवर केवढा भार होता! आणि तो भार पेलायला मला काय दिलं? एंटर!

आता हे नीट ऐका, कारण सगळं घोडं इथेच पेंड खातं. नवं पान सुरू करायला कॉम्प्युटरमध्ये एक साधी सोय असते. एकदा सांगितलं की मजकूर पुढच्या पानावर जातो आणि जगबुडी झाली तरी तिथेच राहतो. आजोबांना ते कोणी सांगितलं नाही, आणि ते कोणाला विचारतील तर शपथ. टाइपरायटरवर कागद संपेपर्यंत रूळ फिरवायचा, ही त्यांची जन्माची सवय. तसे ते एंटर दाबत सुटले. खट, खट, खट, पान संपून दुसरं येईपर्यंत. मजकूर मधोमध आणायचा तर स्पेसची कळ. दोन बोटं आत, खट खट खट. माझ्या पोटात अक्षरं कमी आणि पोकळी जास्त! फोटो तेवढे पानापानावर खिळे ठोकल्यासारखे घट्ट बसवले. मजकूर मोकळा, फोटो पक्के. बिनपायाचं घर बांधायचं आणि भिंतीला रंग मात्र दोन हात द्यायचा, तशातली गत.

बरं, जुन्या यंत्रात हे सगळं दिसायला झक्क दिसायचं. त्यामुळे मी कितीही ओरडले असते तरी आजोबांना काय पटणार? एकदा छपाईच्या दुकानात गेले, तेव्हा खरं तर त्यांना इशारा मिळाला होता. तिथल्या यंत्रात माझ्या अक्षरांचा साचा, म्हणजे फॉन्ट, नव्हता. त्याने माझी सगळी अक्षरं चौकोन करून टाकली. मुलीच्या फोटोखाली चौकोन, नळवाल्याच्या फोटोखाली चौकोन. दुकानदार म्हणाला, ‘‘काका, फाइलबरोबर फॉन्ट पण आणत जा.’’ आजोबांनी ‘बरं’ म्हटलं, घरी येऊन फॉन्ट नेऊन दिला, काम भागलं, आणि ते पुन्हा कधी तो विषय काढायच्या फंदात पडले नाहीत. गरज सरो, वैद्य मरो.

मग व्हायचं तेच झालं. जुना कॉम्प्युटर एक दिवस घरघर करून बंद पडला तो पडलाच. त्याच आठवड्यात आजोबांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. त्यातच दाराजवळच्या प्रतीवर चहा सांडून दोन-तीन पानं चिकटली. ऑपरेशनच्या दिवसांत आजींना आधार म्हणून मुलगी आणि जावई आले होते. आजोबांनी पेनड्राइव्हमधून मला जावयांच्या हाती दिलं. म्हणाले, ‘‘जावईबापू, एवढी एक प्रत छापून द्या. मी उद्या सकाळी अॅडमिट होईन, त्याआधी ती खिळ्याला हवी.’’

‘‘त्यात काय बाबा, दोन मिनिटांचं काम,’’ जावई म्हणाले.

मित्रांनो, ‘दोन मिनिटांचं काम’ हे शब्द कानावर पडले की समजावं, आपली धडगत नाही. जावयांच्या नव्याकोऱ्या लॅपटॉपवर लिहिण्याच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती होती. तिने मला उघडलं आणि सभ्यपणे विचारलं, ‘ही फाइल जुन्या पद्धतीची आहे. नव्या पद्धतीत बदलली तर मांडणीत फरक पडू शकतो. बदलू का?’ चांगलं तीन ओळींत, शुद्ध भाषेत विचारलं होतं. जावयांनी न वाचता ‘हो’वर टिचकी मारली. माणसं यंत्राला एवढी घाईघाईने ‘हो’ म्हणतात, तेवढी बायकोला म्हणाली असती तर घरोघरी शांतता नांदली असती.

झालं! माझ्या नावाच्या शेपटीला एक अक्षर चिकटलं, ‘डॉक’ची ‘डॉकएक्स’ झाले, आणि माझं रूप पालटलं. माझा फॉन्ट त्या लॅपटॉपला ठाऊकच नव्हता. त्याने स्वतःच्या पसंतीचा दुसरा चढवला, चांगला ऐसपैस. मग दोन ओळींत बसणारा मजकूर तीन ओळींवर गेला. आजोबांनी हाणलेले एंटर होते तेवढेच राहिले. त्यामुळे पहिला मजकूर खाली घसरला, तो थेट पुढच्या पानावरच्या फोटोखाली जाऊन बसला. त्याने दुसऱ्याला ढकललं, दुसऱ्याने तिसऱ्याला. फोटो आपापल्या जागी ढिम्म. सगळा मजकूर एकेक घर पुढे सरकला, आणि आजोबांच्या फोटोखाली काहीच उरलं नाही. मी आतल्या आत तडफडत होते. पण फाइलीला कुठे तोंड असतं?

जावयांनी पडद्यावर काय पाहिलं? मुखपृष्ठ! ‘आपली माणसं’ ही अक्षरं मधोमध दिसली, ‘परफेक्ट’ म्हणाले आणि छापून मोकळे झाले. खालचं एक पान सरकवून बघायला बोट दुखत होतं का? प्रत गरम गरम बाहेर आली, भोकं पडली, दोरी ओवली गेली, आणि मी खिळ्यावर जाऊन लटकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी आजोबांना घेऊन हॉस्पिटलात गेली. जावयांना ऑफिसचं काम निघालं, तेही थोड्या वेळाने बाहेर पडले. आजी तासभर एकट्या राहायच्या, त्यात नवल नव्हतं. आजोबांची भरती झाली, त्यांचे कपडे वॉर्डातल्या कपाटात बंद झाले, आणि घराची किल्ली पँटच्या खिशातच राहिली. मुलगी परत आली तेव्हा तिच्या ते ध्यानात आलं. पण आई आत आहे, बेल वाजवली की झालं, असं म्हणून तिने बेल वाजवली.

आजी आल्या. भिंगातून पाहिलं. पानं उलटली. मुलीचा हसरा फोटो सापडला. त्याखाली वाचलं, ‘घरातलंच माणूस. किल्ली जवळ असते. दार उघडायला उठू नकोस.’ आजी वळल्या आणि आत जाऊ लागल्या.

‘‘आई! अगं, दार उघड ना!’’

‘‘किल्लीने उघड.’’

‘‘माझ्याकडे किल्ली नाहीये गं!’’

‘‘आहे. पुस्तकात लिहिलंय.’’

‘‘आई, मी आहे. तुझी मुलगी!’’

‘‘आवाज नको. रांगेत उभी राहा,’’ आजी म्हणाल्या.

मुलगी रांगेत काय उभी राहते? ती दार ठोठावू लागली. तशा आजी जास्तच ताठल्या. तेवढ्यात दाराच्या फटीतून करपल्याचा वास येऊ लागला. आजींनी गॅसवर दूध ठेवलं होतं आणि त्या ते विसरून गेल्या होत्या. ‘‘आई, गॅस बंद कर! दूध करपतंय!’’ मुलगी बाहेरून रडकुंडीला येऊन सांगत होती. आजी मात्र दाराआड पुस्तकावर बोट ठेवून तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होत्या. मित्रांनो, ती ओळ माझ्या अंगावर होती. खोटं बोलायला मला कोणी शिकवलं नव्हतं, आणि मी खोटं बोलत होते. तेव्हा मला जे वाटलं, ते शत्रूच्याही वाट्याला येऊ नये.

एवढ्यात जिन्यावर धापा टाकत मामा आले. मामा म्हणजे आजींचे तेच धाकटे भाऊ, जाड मिशांचे, भोंग्यासारख्या आवाजाचे. ताईची चौकशी करायला आले होते. ‘‘काय चाललंय काय हे?’’ म्हणत त्यांनी बेलवर अंगठा दाबून धरला. आजींनी पुन्हा भिंगातून पाहिलं, पान उलटलं. मिशीवाला फोटो सापडला. खाली होतं, ‘ही तुझी लेक. बेल वाजली की लगेच दार उघड.’

दार लगेच उघडलं. आजींनी मामांना जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, ‘‘जेवलीस का गं?’’

मुलगी त्यांच्या बगलेखालून आत धावली, गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. पातेलं काळंठिक्कर पडलं होतं. मामा दारातच खांबासारखे उभे होते. त्या घराण्यात कोणी कोणाला जवळ घ्यायची रीतच नव्हती. ‘‘जेवलो गं ताई,’’ ते म्हणाले. इतक्या हळू आवाजात त्यांना बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

मग मुलीने मला खिळ्यावरून काढलं आणि पान न् पान वाचलं. जावयांच्या फोटोखाली ‘याला सायकल तू शिकवलीस’. नळवाल्याच्या फोटोखाली ‘कॉम्प्युटरमधलं सगळं येतं’. डॉक्टरीणबाईंना ‘चपला बाहेर काढायला सांग’. तिने नवऱ्याला फोन लावला.

‘‘छापायच्या आधी बघितलं होतंस का तू?’’

‘‘बघितलं की! पहिलं पान एकदम बरोबर होतं.’’

‘‘पहिल्या पानावर नुसतं नाव आहे, शहाण्या!’’

संध्याकाळी ती हॉस्पिटलात गेली आणि आजोबांना म्हणाली, ‘‘बाबा, ठरलं आता. आज दूध होतं, उद्या आणखी काही होईल. तुम्ही घरी आलात की दुसऱ्या दिवशी मी आईला घेऊन निघणार.’’ आजोबा वाद घालायच्या स्थितीत नव्हते. ‘‘मी येईपर्यंत थांब,’’ एवढंच म्हणाले.

इकडे जावयांनी मला दुरुस्त करायला घेतलं. उपाय कसला, आगीतून फुफाट्यात! त्यांनी दोन एंटर काढले, तर मामा आणि नळवाला एका पानावर आले. फोटो ओढला, तर तो उडी मारून तिसऱ्याच पानावर जाऊन बसला. मागे घ्यावं म्हटलं, तर मूळ प्रत त्यांनी राखलीच नव्हती. पेनड्राइव्हमधल्या माझ्यावरच बदल जतन केला होता. शेवटी मुलीने लॅपटॉप मिटला, पेन घेतलं आणि छापलेल्या पानांवरच्या चुकीच्या ओळी खोडून खऱ्या ओळी हाताने लिहिल्या. तिने सुरुवात स्वतःच्या पानापासून केली. आजोबांच्या फोटोखाली या प्रतीत काही नव्हतंच, मग खोडायचं काय? ते पान तसंच कोरं राहिलं. घरात कोणाच्या लक्षातही आलं नाही.

माझ्या लक्षात होतं. तुम्ही म्हणाल, घरच्या माणसासाठी कशाला हवा मजकूर? अहो, ज्या आजारात भाऊ जातो, लेक जाते, त्यात नवरा काय अमरपट्टा घेऊन येतो? आजोबा रोज समोर असायचे, म्हणून कसोटीची वेळच आली नव्हती. आता ते बरेच दिवस नजरेआड होते. आजींनी त्या दिवसांत एकदाही त्यांची आठवण काढली नव्हती.

आजोबा घरी आले, त्या सकाळी आजींची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. मुलगी आजोबांना हाताला धरून जिना चढवत होती. आता किल्ली तिच्याजवळ होती, पण ती कुलपाला लावताना आजोबांनी तिला अडवलं.

‘‘राहू दे. बेल वाजव.’’

‘‘बाबा, उगाच कशाला? तुम्हाला त्रास होईल.’’

‘‘वाजव तू.’’

बेल वाजली. आजी आल्या, भिंगातून पाहिलं. हॉस्पिटलातून आलेला माणूस कसा दिसतो ते तुम्हाला माहीत आहे. दाढी वाढलेली, गाल बसलेले. आजींनी पान उलटलं. फोटोतला माणूस गुळगुळीत दाढीचा होता. खाली काहीच लिहिलेलं नव्हतं. त्यांनी पुन्हा भिंगातून पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. मी जन्मात कधी एवढी चरफडले नसेन. ते माझं रिकामं पान, आणि नेमक्या त्या घडीला माझ्याजवळ द्यायला एक शब्द नव्हता! आजी दारापासून दूर गेल्या. पावलं आत गेली. मुलीने डोळे मिटून घेतले आणि किल्ली पुढे केली. आजोबांनी तिचा हात धरून ठेवला.

पावलं परत आली. दाराआड काहीतरी खरखरलं. मग कुलूप खट्कन उघडलं.

‘‘उभे काय राहिलात उन्हातून आल्यावर? बसा,’’ आजी म्हणाल्या आणि पाणी आणायला गेल्या.

मुलीने आत येऊन पहिल्यांदा मला हातात घेतलं. आजोबांच्या फोटोखाली पेन्सिलीने, शाळेतल्या फळ्यावर लिहावं तसं टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘आमचे हे. उशिरा येतात, पण येतात. दार उघडायचं.’ तिने ते वाचलं, बाबांना दाखवलं, आणि बॅग उचलून आतल्या खोलीत नेऊन रिकामी करायला घेतली.

आता मी पुन्हा धडधाकट आहे. जावयांनी कान पकडून मला पहिल्यापासून नीट बांधलं. एंटरांची पोकळी काढली, प्रत्येक पान त्याच्या जागी तोडलं, मजकूर फोटोला बांधला, फॉन्ट माझ्याबरोबरच ठेवला आणि मूळ प्रत वेगळी जपली. आजोबाही नव्या पानाची कळ शिकले, तीही हाणतातच. तुम्हीही, मित्रांनो, एखाद्या जुन्या फाइलीला नव्या यंत्रात न्याल तेव्हा तिची एक प्रत बाजूला ठेवा, यंत्र काय विचारतंय ते वाचा, आणि देवाशपथ सांगते, शेवटच्या पानापर्यंत बघा. आमच्यावर कोण विसंबून आहे, ते तुम्हाला ठाऊक नसतं.

राहता राहिली एक गोष्ट. आजोबांच्या फोटोखाली अजूनही काही टाइप केलेलं नाही. प्रत जुनी झाली की नवी छापतात, आणि आजी तिथे पेन्सिलीने लिहितात. दर वेळी निराळं लिहितात, कधी दोन ओळी, कधी एकच शब्द. परवा जावयांनी मला उघडलं, त्या जागेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘‘बाबा, इथे उगाच मोकळी जागा सुटलीय. काढून टाकू का?’’ आजोबा खुर्चीतून असे ताडकन उठले की ऑपरेशनची जुनी जागा दुखली.

‘‘सगळं बदला,’’ ते म्हणाले, ‘‘पण तेवढी जागा हलवू नका.’’